‘कळवतो’ म्हणणाऱ्यांना तारीख द्या

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

“ताई, मी ३१ वर्षांची, पुण्यात बाणेरला राहते, एका मध्यम साइजच्या इव्हेंट एजन्सीत ७ वर्षं काम करतेय. कॉन्फरन्स, डीलर मीट, अवॉर्ड नाइट, फॅमिली डे, सगळंच. एका वेळी ३ इव्हेंट अंगावर असतात. प्लॅनर डायरी घेऊन झाली, फोनमधलं ॲप झालं, पहाटे ५ चा अलार्म झाला, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं ब्रेक तेही करून बघितलं, पण चौथ्याच मिनिटाला क्लायंटचा फोन येतो. गेल्या महिन्यात ६०० लोकांची अवॉर्ड नाइट होती आणि त्याच संध्याकाळी लेकीच्या बालवाडीचं गॅदरिंग. ती फुलपाखरू झाली होती. मी साउंड चेकला होते. नवऱ्याने पाठवलेला व्हिडिओ मी रात्री ३ वाजता हॉटेलच्या लोडिंग बेमध्ये, म्हणजे सामान चढवतात-उतरवतात तिथे, उभं राहून बघितला. सर म्हणतात तुझं टाइम मॅनेजमेंट वीक आहे. खरंच माझंच चुकतंय का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. – बाणेरची एक वाचक”

अगं, तुझं पत्र वाचलं आणि ते लोडिंग बेचं वाक्य काही डोक्यातून जाईना. मी स्वतः १८ वर्षं हेच काम केलंय, आधी मुंबईत मग पुण्यात, त्यामुळे ती रात्री ३ ची लोडिंग बे मला चांगली माहितीये, एकीकडे पोरं ट्रस (लाइट टांगायचा धातूचा सांगाडा) उतरवतायत, टेम्पोवाला गाडी रिव्हर्स घेतोय, सिक्युरिटीवाला गेटपास मागतोय आणि तू भिंतीला टेकून फोनचा ब्राइटनेस वाढवतेयस. म्हणून आधी सरळ उत्तर देते. नाही, तुझंच चुकतंय असं नाहीये. पण एक गोष्ट आहे जी तू करत नाहीयेस, आपल्या लाइनमध्ये ती कोणी बसवून शिकवत नाही, आणि ती पूर्णपणे तुझ्या हातातली आहे.

तू तुझा वेळ मॅनेज करायला बघतेयस. आपल्या कामात आपला स्वतःचा असा वेळ फार थोडा असतो गं. मागच्या अवॉर्ड नाइटचे शेवटचे १० दिवस एकदा कागदावर मांडून बघ. बॅकड्रॉपचं डिझाइन तुझ्या डिझायनरने दीड दिवसात केलं असेल, पण अप्रूव्ह व्हायला ६ दिवस गेले असतील, कारण मार्केटिंग म्हणालं एचआरला दाखवतो, एचआर म्हणालं एमडी सरांना दाखवतो आणि एमडी सर टूरवर. कळवतो. पाहुण्यांचा आकडा? कळवतो. जैन जेवण किती लोकांचं? कळवतो. साहेब किती मिनिटं बोलणार? कळवतो. हे सगळे ‘कळवतो’ एकदमच पिकतात, शेवटच्या ४८ तासांत, आणि मग १० दिवसांचं काम २ दिवसांत उरकायला तू रात्र-रात्र जागतेस. बाहेरून बघणाऱ्याला फक्त शेवटचे २ दिवस दिसतात, त्याला वाटतं हिने सगळं शेवटाला ठेवलं होतं.

पहाटे ५ ला उठलीस तरी अप्रूव्हल ऑफिस उघडल्यावरच येणार आहे, ते काही लवकर येत नाही. आणि ते २५ मिनिटं काम, ५ मिनिटं ब्रेक म्हणतेस ना, त्याला पोमोडोरो म्हणतात, ते फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वतःचा अभ्यास व्हावा म्हणून काढलं, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून. एकट्याने बसून करायच्या कामाला ते छानच आहे, तू बजेट शीट बनवताना वापर, प्रेझेंटेशन लिहिताना वापर. पण ज्या कामात २५ माणसांच्या हो-नाहीवर तुझं पुढचं पाऊल अडतं तिथे ते लागू पडत नाही, म्हणून ते जमलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

मला हे कसं कळलं ते सांगते. बरीच वर्षं झाली, एका कंपनीची अवॉर्ड नाइट होती, ८४ ट्रॉफ्या. विजेत्यांची यादी काही केल्या फायनल होईना, वरच्या लोकांचंच एकमत नव्हतं. पेठेतला आमचा ट्रॉफीवाला रोज विचारायचा, मॅडम नावं द्या, कोरायला मला ३ दिवस लागतात. मी त्याला सांगायचे, उद्या देते, कारण मलाही तेच सांगितलं जायचं. यादी आली इव्हेंटच्या आदल्या रात्री ९ वाजता. कोरणं तर गेलंच, त्याने बिचाऱ्याने रात्रभर बसून पत्र्याच्या नेमप्लेट करून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजता मी आणि आमची दोन पोरं बँक्वेटच्या मागच्या पॅसेजमध्ये जमिनीवर टेबलक्लॉथ अंथरून, ८४ ट्रॉफ्या ओळीत मांडून, मागचा डबल टेप सोलून एकेक पट्टी चिकटवत होतो. किचनमधून ट्रॉल्या चालल्यात, कोणाचा तरी पाय लागतोय, एसीच्या गारव्यात टेप धरत नाहीये म्हणून ग्रीन रूममधला हेअर ड्रायर आणून गरम करतोय. त्यात दोन नावांची अदलाबदल झाली. स्टेजवर एका काकांनी, रिटायर व्हायला आले होते ते, ट्रॉफी हातात घेतली, वाचली, आणि काही न बोलता हसून फोटो काढून खाली उतरले. नंतर मी माफी मागायला गेले तर म्हणाले, राहू दे बेटा, तुमची किती धावपळ होती मी बघत होतो. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसानंतर मी एक नियम केला आणि तोच तुला देतेय. क्लायंटकडून येणाऱ्या प्रत्येक निर्णयाला तारीख आणि वेळ लावायची, आणि त्या वेळेपर्यंत निर्णय आला नाही तर आपोआप काय होईल ते आधीच लिहून द्यायचं. दुसरा भाग महत्त्वाचा आहे हां, पहिला सगळेच करतात. ‘प्लीज कन्फर्म बाय फ्रायडे’ असं तूही लिहीत असशील, त्याला कोणी भीक घालत नाही कारण फ्रायडे उलटला तरी काहीच होत नाही. त्याऐवजी असं लिही: “मंगळवारी संध्याकाळी ५ पर्यंत बॅकड्रॉपचं फायनल आर्टवर्क आलं नाही तर १ तारखेला पाठवलेलं डिझाइन प्रिंटला जाईल. त्यानंतर बदल हवा असेल तर नवीन प्रिंटचा खर्च वेगळा लागेल, रक्कम सोबत दिली आहे.” “विजेत्यांची यादी इव्हेंटच्या १० दिवस आधी मिळाली नाही तर स्टेजवर कोऱ्या ट्रॉफ्या दिल्या जातील आणि नावं कोरून ८ दिवसांनी ऑफिसला पोचवल्या जातील.” यात उद्धटपणा कुठेच नाही. उलट क्लायंटच्या बाजूच्या त्या बिचाऱ्या एचआरच्या मुलीला तू एक कागद देतेयस जो ती तिच्या साहेबांपुढे धरू शकते. तिलाही कोणीतरी कळवतोच म्हणत असतं.

आणि खोटी तारीख कधी देऊ नकोस. बरेच जण देतात, खरी गरज शुक्रवारची असते आणि सांगतात मंगळवार. क्लायंटला दुसऱ्या इव्हेंटपर्यंत हे कळतं आणि मग तुझी कुठलीच तारीख तो मनावर घेत नाही. खरं कारण सांग, प्रिंटरला एवढे तास लागतात, ट्रॉफीवाल्याला ३ दिवस लागतात, हॉटेल जेवणाचा गॅरंटी आकडा, म्हणजे निदान इतक्या ताटांचे पैसे नक्की, ४८ ते ७२ तास आधी मागतं आणि मग तो कमी करत नाही. माणसं कारण कळलं की ऐकतात, निदान निम्मी तरी.

आता या तारखा काढायच्या कुठून? शेवटाकडून. प्लॅन बनवताना आजपासून पुढे जाऊ नकोस, जी वेळ कोणाच्या बापाला हलवता येत नाही ती आधी मांड आणि तिथून मागे ये. उदाहरण देते, तुझ्यासारखंच. लॉनवर गाला डिनर आहे, लाइव्ह बँड आहे. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, बंद बँक्वेट हॉलला त्यात सवलत आहे पण लॉनला नाही, आणि राज्य सरकार वर्षातले जे मोजके दिवस १२ पर्यंत सूट देतं ते सणासुदीचे असतात, कंपनीचा गाला डिनर त्यात बसत नाही. म्हणजे १० ही भिंत. बँडला सव्वा तास द्यायचाय म्हणजे पावणेनऊला सुरू. त्याआधी १० मिनिटं स्टेज बदलायला, म्हणजे ८:३५ ला अवॉर्ड संपले पाहिजेत. अवॉर्ड ८४. एक अवॉर्ड म्हणजे नाव पुकारणं, टाळ्या, माणूस टेबलावरून उठून स्टेजवर येणं, हात मिळवणं, फोटो, उतरणं, ४५ सेकंद धर. ८४ गुणिले ४५ म्हणजे ६३ मिनिटं. क्लायंट म्हणत असतो अर्ध्या तासात उरकू. म्हणजे ७:३२ ला पहिला अवॉर्ड. त्याआधी दीपप्रज्वलन, स्वागत, एमडींचं भाषण, वर्षभराची फिल्म, अर्धा तास. म्हणजे ठोक्याला ७ वाजता कार्यक्रम सुरू झाला पाहिजे, आणि पाहुण्यांच्या बसेस हिंजवडीतून ६ ला सुटणार आहेत, आता तूच सांग त्या ट्रॅफिकमधून ७ वाजता कोण खुर्चीत बसलेलं असेल.

हे गणित तू महिनाभर आधी क्लायंटसमोर ठेवलंस तर तो निर्णय त्याचा होतो. अवॉर्ड कमी करायचे, की टीमचे अवॉर्ड एकत्र द्यायचे, की बँड आत हॉलमध्ये घ्यायचा, की बसेस ५ ला सोडायच्या. एक उपाय तर फुकटचा आहे, पुढच्या ४ विजेत्यांना आधीच पायऱ्यांशी आणून उभं करायचं, ४५ चे ३० सेकंद होतात, २१ मिनिटं वाचतात. हेच गणित तू केलं नाहीस तर रात्री सव्वानऊला स्टेजच्या बाजूला उभी राहून तू बँडवाल्याला सांगत असतेस की दादा फक्त ४ गाणी घ्या, आणि क्लायंट तुझ्याकडे असं बघतो की जणू तूच घड्याळ पुढे केलंस.

सेटअपचंही असंच मागून मांड. तुला माहितीच आहे सगळं, पण लिहिलेलं नसतं हा प्रॉब्लेम आहे. ट्रस उभा राहिल्याशिवाय एलईडीचे पॅनल लागत नाहीत, एलईडी लागल्याशिवाय मास्किंग (सांगाडा कापडाने झाकणं) होत नाही, लाइटवाल्याला फोकसिंगसाठी हॉल पूर्ण अंधारा लागतो आणि नेमकं त्याच वेळी बँक्वेटच्या पोरांना टेबलं लावायला उजेड लागतो, मग दोघांची भांडणं सोडवण्यात तुझा एक तास जातो. तो अंधाराचा तास बँक्वेट मॅनेजरबरोबर आदल्या आठवड्यात ठरवून घे, अगदी पाऊण तास का असेना, पोरं तेव्हा जेवून घेतील. हॉल ताब्यात कधी मिळणार हेही हॉटेलच्या काँट्रॅक्टमध्ये तासासकट लिहून घे. आदल्या रात्री तिथे लग्नाचं रिसेप्शन असेल तर हॉल १२ ला रिकामा होतो असं म्हणतात पण फुलवाले आणि मंडपवाले निघेपर्यंत २ वाजतात. दिवसा मोठ्या गाड्यांना शहरात ठरावीक वेळेला एंट्री नसते, ट्रक बाहेर अडकला की पोरं आत हातावर हात धरून बसतात, म्हणून गाडी कुठल्या वेळेत आत येऊ शकते हे ट्रान्सपोर्टवाल्याला रेकीच्या, म्हणजे जागा बघायला जातो त्या दिवशीच विचारायचं. लोणावळ्याला ऑफसाइट असेल तर वीकेंडला घाटात काय होतं हे तुला मी सांगायची गरज नाही, सामान शुक्रवारी सकाळी वर पोचलेलं असू दे.

लग्नावरून आठवलं, तारीख ठरवण्याच्या पहिल्याच मीटिंगला पंचांग घेऊन जा. मी खरंच सांगतेय. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि बरोबर त्याच तारखांना तुझा डेकोरेटर, जनरेटरवाला, टेम्पो, केटररची पोरं, मार्केट यार्डातली फुलं सगळं दुसरीकडे पळतं, भाव वाढतात ते वेगळंच. पौषात लग्नं फारशी होत नाहीत, हॉल आणि माणसं दोन्ही निवांत मिळतात. क्लायंटला एक आठवडा इकडे-तिकडे चालत असेल तर त्या एका आठवड्याने तुझे फॉलोअपचे कितीतरी तास वाचतात. त्याच बैठकीत ड्राय डे पण बघून टाक, २ ऑक्टोबर सगळ्यांच्या लक्षात असतो पण निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास तिथे दारू बंद असते हे ऐन वेळी आठवतं. परवानग्यांचं थोडक्यात सांगते, पोलीस, ट्रॅफिक, फायर, एक्साइजचं एक दिवसाचं परमिट, आणि गाणी वाजवायचे परवाने देणाऱ्या पीपीएल, आयपीआरएस, नोवेक्स या संस्था. लग्नाच्या कार्यक्रमांना कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, कॉर्पोरेट पार्टीला नाही, त्यामुळे ‘लग्नात तर कोणी विचारत नाही’ हे क्लायंटचं म्हणणं मनावर घेऊ नकोस. ही सगळी कामं एका माणसाच्या नावावर, तारीख ठरली त्याच आठवड्यात अर्ज सुरू.

एक वही कर. आता म्हणशील परत डायरी. ही प्लॅनिंगची नाही, घडलेल्या गोष्टींची. कुठल्या कामाला मला किती वेळ लागेल वाटलं होतं आणि प्रत्यक्षात किती लागला, एवढंच. ट्रस ३ तास धरला होता, साडेचार लागले. स्लाइड्स गोळा करायला १ दिवस, लागले ४. माणूस अंदाज करताना नेहमी सगळं सुरळीत होईल असंच धरतो, डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच याला नाव दिलंय, प्लॅनिंग फॅलसी. नंतर १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी अंदाज आला ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. आणि त्याच मुलांनी ‘सगळं बिघडलं तर’ असं धरून जो आकडा दिला होता तोसुद्धा ४८-४९ च होता! म्हणजे थोडा बफर ठेवते म्हणून भागत नाही, आपला जुना खरा आकडाच लागतो. ५-६ इव्हेंट झाले की तुझ्या वहीत असे आकडे असतील जे एजन्सीत कोणाकडेच नसतील, आणि सर जेव्हा म्हणतील तुझं मॅनेजमेंट वीक आहे तेव्हा ती वही उघडून दाखव, भांडू नकोस, नुसती दाखव. साडेचार तासांच्या कामाला ३ तास कोणी धरले होते ते त्यात लिहिलेलं असेल.

३ इव्हेंट एकदम असतात म्हणतेस. ३ असणं हा तितका त्रास नाहीये, तिन्हींचे शेवटचे ७ दिवस एकमेकांवर येणं हा आहे. सगळ्यांच्या निर्णयाच्या शेवटच्या तारखा एकाच शीटवर टाक, उभे आठवडे, आडवे इव्हेंट, आणि शेवटचे ७ दिवस लाल कर. दोन लाल पट्ट्या एकमेकांवर आल्या की त्याच दिवशी, महिनाभर आधी, सरांकडे जाऊन सांग की या आठवड्यात मला प्रॉडक्शनला एक माणूस जास्त लागेल किंवा यातला एक दुसऱ्या कोणाकडे द्या. आधी सांगितलं तर ते प्लॅनिंग दिसतं, आदल्या दिवशी सांगितलं तर रडगाणं वाटतं, शब्द तेच असले तरी.

फोनचं काय करायचं ते सांगते. व्हॉट्सॲप ग्रुपवर अप्रूव्हल घ्यायचं नाही, कितीही घाई असली तरी. त्या ३० जणांच्या ग्रुपमध्ये कोणीतरी अंगठा टाकतो आणि नंतर म्हणतो मी बघितलंच नव्हतं. रोज संध्याकाळी ६ ला प्रत्येक क्लायंटला एकच मेल, आज काय ठरलं, काय बाकी, बाकी असलेल्याची तारीख, आणि ती उलटली तर काय होईल. १५ मिनिटं लागतात. दोन आठवड्यांत तुझे फोन कमी होतील, कारण निम्मे फोन ‘काय झालं त्याचं’ एवढंच विचारायला येतात. व्हेंडरांचंही तसंच, बाकीचे पैसे कुठल्या तारखेला मिळणार हे ऑर्डर देतानाच लिहून दे, उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या व्हेंडरला करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदाच आहे, तुमच्या अकाउंट्सला ते माहीत असतं, तू फक्त विचार. इव्हेंट झाल्यावर महिनाभर लाइटवाल्याला चुकवत फिरणं हाही वेळच जातो, आणि मनाला लागतं ते वेगळं.

आता इव्हेंटचा दिवस. आपल्याकडे लग्नघरात एक मावशी किंवा काकू कोठीवर बसायची, आठवतंय? नारळ, सुपाऱ्या, ब्लाउजपीस, साखर, आहेराची पाकिटं, सगळं त्या खोलीत, किल्ली तिच्या कमरेला, आणि ती खोली सोडून कुठेही जायची नाही. मांडवात गोंधळ असू दे, वरात येऊ दे, ज्याला काही हवं तो तिच्याकडे येणार. तुझ्या इव्हेंटमध्ये तू मांडवातून धावणारीच का असतेस? दारं उघडली की तुझी जागा साउंड-लाइटच्या कन्सोलशेजारी, हातात क्यू शीट (कशानंतर काय याची यादी), कानाला वॉकी, आणि फोन ज्युनियरकडे. क्लायंटला सकाळीच सांगून ठेव की ६ नंतर माझा फोन अमुक मुलाकडे आहे, तो मला येऊन सांगेल. १० पैकी ८ फोनची उत्तरं त्यालाच माहीत असतात, पार्किंग कुठे, वॉशरूम कुठे, साहेबांची कॉफी बिनसाखरेची. पहिल्या वेळी तुला चैन पडणार नाही, हात सारखा खिशाकडे जाईल, तरी कर.

आणि हे मी हात जोडून सांगतेय, डिसमँटलनंतर, म्हणजे सेट उतरवून झाल्यावर, स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नकोस. १७ तास सलग जागं राहिलेल्या माणसाची लक्ष द्यायची आणि हालचालींची क्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खाली येते असं १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं होतं, आणि आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादाच ०.०३ आहे. तू सकाळी ६ ला उठून रात्री ३ ला स्टिअरिंगवर बसतेस म्हणजे २१ तास झालेत. इव्हेंटच्या बजेटमध्ये क्रूच्या जेवणाची लाइन असते ना, तिच्याखाली क्रूच्या कॅबची लाइन टाक, पहिल्या कोटेशनपासून. शिवाय महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात ठरावीक संख्येच्या वर माणसं असलेल्या ऑफिसला स्पष्ट आहे, रात्री साडेनऊ ते सकाळी ७ मध्ये बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची सोय हवी. तुझ्याबरोबर ज्या लहान पोरी काम करतात त्यांच्यासाठी तरी ही लाइन टाकच. आणि दुसऱ्या दिवशी १२ च्या आत ऑफिसला जायचं नाही, हे आधीच शीटवर लिहून ठेव.

राहिलं फुलपाखरू.

त्या दिवशी साउंड चेकला तू का लागत होतीस, हे मी तुझ्या जागी बसून बघितलं. साउंड चेकला लागतो साउंड इंजिनियर, अँकर, आणि ज्याचं भाषण आहे त्याच्या ऑफिसचा एक माणूस, कॉलरला लावायचा लेपल माइक लावून दोन वाक्यं बोलायला. तुझी गरज नव्हती. तू होतीस कारण दुपारी २ ला व्हायचा साउंड चेक ५ ला होत होता आणि तो ५ ला होत होता कारण स्लाइड्स साडेचारला आल्या, आणि तुला वाटत होतं आता मी हलले तर सगळं कोसळेल, आणि कदाचित तेव्हा खरंच कोसळलंही असतं. त्यामुळे त्या संध्याकाळचा दोष स्वतःवर घेऊन बसू नकोस, ती संध्याकाळ १० दिवस आधीच हातातून गेली होती. पोरीला ‘मम्माला काम होतं’ एवढंच सांगून सोडू नकोस, तो फुलपाखराचा ड्रेस अजून असेलच घरात, रविवारी तिला घालायला लाव, हॉलमधल्या खुर्च्या मांड, आजी-आजोबांना बोलाव आणि पूर्ण नाच बघ, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. ४ वर्षांच्या मुलीला तो नाच परत करायला आवडतो, मोठ्यांना वाटतं तसं तिच्यासाठी ते संपलेलं नसतं.

आणि उद्या शाळेच्या ऑफिसला फोन करून विचार की पुढच्या वर्षीचं गॅदरिंग, स्पोर्ट्स डे, पालक सभा साधारण कधी असतात. तारीख पक्की नसेल तर आठवडा विचार, तो त्यांना माहीत असतो. मग तुझ्या त्या एका शीटवर, जिथे क्लायंटची नावं आहेत, त्याच रकान्यात लेकीचं नाव टाक आणि तो आठवडा लाल कर.